यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजा सर यशवंतराव होळकर (दुसरे) (जन्म : ६ सप्टेंबर १९०८, इंदूर, मृत्यू : ५ डिसेंबर १९६१, मुंबई) हे इंदूर संस्थानचे अखेरचे राज्यकर्ते आणि विसाव्या शतकातील आधुनिक कलावस्तूंचे एक अग्रगण्य संग्राहक होते. इंदूर येथील माणिकबाग राजवाडा व त्यासाठी युरोपातील नामवंत कारागिरांकडून मुद्दाम घडवून घेतलेल्या वस्तू यांमुळे त्यांचे नाव जगाच्या कलेतिहासात नोंदले गेले. एकच नग किंवा अगदी मोजके नग घडवल्या जाणाऱ्या मौल्यवान वस्तू जमवण्याचा छंद हिंदुस्थानातील अनेक संस्थानिकांना होता. यशवंतरावांचा संग्रह मात्र किमतीपेक्षा निवडीमुळे वेगळा ठरला. हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांच्या आत जगभर विखुरला गेला.

मराठेशाहीच्या उत्तरकाळात इंग्रजांशी झुंजलेले पहिले यशवंतराव होळकर (१७७६–१८११) हे त्यांचे पूर्वज होत. दोघांचे नाव एकच असल्याने या यशवंतरावांचा उल्लेख 'दुसरे' असा केला जातो.

पूर्वपीठिका

होळकर घराण्याचा संस्थापक मल्हारराव होळकर हा पेशव्यांचा सरदार. त्याची सून अहिल्याबाई हिने महेश्वर येथून राज्यकारभार केला आणि देशभर घाट, मंदिरे व धर्मशाळा बांधल्या. घराण्याची सत्ता माळव्यात असली तरी महाराष्ट्राशी असलेला संबंध तुटला नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवडचा रंगमहाल त्याची आजही साक्ष देतो. इंदूरचा दरबार आणि शहरातील मोठा समाज मराठी भाषक होता. त्यामुळे इंदूर हे महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्कृतीचे एक महत्त्वाचे केंद्र बनले. १९१७ आणि १९३५ साली मराठी साहित्य संमेलने येथे भरली. त्यांपैकी १९३५ च्या संमेलनाचे अध्यक्ष औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी होते.

बालपण व शिक्षण

यशवंतराव हे महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) व महाराणी चंद्रावतीबाई यांचे पुत्र. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये चीम व चार्टरहाऊस या शाळांत आणि पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठातील ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. १९२४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, कागल (धाकटी पाती) येथील घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महाराणी वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान होत्या. पुढे त्याही शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

ऑक्सफर्डच्या काळात मार्सेल हार्डी हे फ्रेंच भाषक विद्वान त्यांचे मार्गदर्शक होते. त्यांच्या सहवासात यशवंतरावांना युरोपातील नव्या कलाप्रवाहांची ओळख झाली. याच सुमारास एकार्ट मुथेसियुस (१९०४–१९८९) या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी आणि आंरी-पिएर रोशे या फ्रेंच लेखक-संग्राहकाशी त्यांचा परिचय झाला. हाच रोशे पुढे 'ज्यूल आणि जिम' या कादंबरीचा लेखक म्हणून प्रसिद्धी पावला. पॅरिसमधील कलावंतांच्या कार्यशाळांची दारे तरुण महाराजांसाठी त्यानेच उघडली.

राज्यारोहण

यशवंतरावांना गादी मिळाली ती एका दुर्दैवी प्रकरणातून. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिल येथे अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम ही इंदूरच्या दरबारातून निघून आलेली नर्तकी होती आणि हल्लेखोर इंदूरचे होते. खटल्यात आरोपींना शिक्षा झाल्यावर ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांसमोर दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोगाला सामोरे जाणे किंवा गादी सोडणे. तुकोजीरावांनी दुसरा पर्याय स्वीकारला. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पुत्राच्या नावे राज्यत्याग केला. त्या वेळी यशवंतराव सतरा वर्षांचे होते.

१९२८ साली तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. विवाहापूर्वी तिला हिंदू धर्माची दीक्षा देण्याचा विधी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते झाला आणि तिचे नाव शर्मिष्ठादेवी ठेवण्यात आले. हा विधी त्या काळी देशभर वादाचा विषय झाला होता. डॉ. कुर्तकोटी यांचे नाव नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील शंकराचार्य संकुलातील सभागृहाच्या रूपाने आजही परिचित आहे.

यशवंतराव सज्ञान होईपर्यंत राज्याचा कारभार मंत्रिमंडळाकडे होता. सर सिरेमल बापना हे मुख्यमंत्री म्हणून त्याचे प्रमुख होते. ९ मे १९३० रोजी यशवंतरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. १९३५ साली ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला.

संस्थानिक आणि दुर्मीळ वस्तूंचा छंद

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील चैनीच्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना हिंदी संस्थानिकांचा मोठा आधार वाटू लागला. युद्धाने व राज्यक्रांत्यांनी युरोपातील कित्येक राजघराणी संपुष्टात आली होती. त्यांची जागा पतियाळा, कपूरथळा, बडोदे, इंदूर येथील राजांनी घेतली. पॅरिसचे जवाहिरे, लंडनचे मोटार बांधणारे आणि स्वित्झर्लंडचे घड्याळजी या राजांच्या मागणीबरहुकूम वस्तू घडवू लागले. पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांचा प्रसिद्ध हार कार्तिए या पेढीने १९२८ साली पूर्ण केला. उलट फिरवता येणारी तबकडी असलेले 'रिव्हर्सो' हे मनगटी घड्याळ १९३१ साली बाजारात आले. त्याची कल्पनाही हिंदुस्थानातील पोलोच्या मैदानावर सुचली, असे सांगितले जाते. खिशातले घड्याळ मागे पडून मनगटी घड्याळ प्रतिष्ठेचे चिन्ह बनले, तोच हा काळ होय.

अशा वस्तूंचे मोल तीन गोष्टींवर ठरत असे : घडवणाऱ्याचा हात, नगांची अल्प संख्या आणि ती वस्तू कोणासाठी घडवली गेली याची खात्रीलायक नोंद. बहुतेक संस्थानिकांचा कल रत्ने, सोने व जुन्या राजेशाही शैलीकडे होता. यशवंतरावांनी मात्र पोलादी नळ्या, काच, कृत्रिम चामडे आणि साध्या रेषा यांची निवड केली. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाने शोभेच्या कलांना नवी दिशा दिली होती. १९२९ मध्ये फ्रान्समधील आधुनिक कलावंतांनी आपला स्वतंत्र संघ स्थापन केला. या मंडळींच्या वस्तू अजून युरोपातही सर्वमान्य झाल्या नव्हत्या, तेव्हा विशीतल्या एका मराठा राजाने त्या आपल्या घरासाठी मागवल्या.

माणिकबाग राजवाडा

१९३० ते १९३३ या काळात एकार्ट मुथेसियुस याने इंदूर येथे माणिकबाग राजवाडा उभारला. त्या वेळी मुथेसियुसचे वय अवघे सव्वीस होते, तर महाराजांचे बावीसही पूर्ण झाले नव्हते. इमारतीची आखणी इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची आहे. तिच्यावर घुमट, कमानी किंवा नक्षीदार सज्जे नाहीत. धातूच्या चौकटींच्या खिडक्या, दिव्यांची योजना व इतर बरेचसे साहित्य जर्मनीत तयार करून बोटीने मुंबईला आणि तेथून इंदूरला नेण्यात आले. माळव्याच्या उन्हाळ्यासाठी वातानुकूलनाची सोय करण्यात आली. हिंदुस्थानातील घरांत ही सोय त्या वेळी जवळपास अपरिचित होती.

राजवाड्यातील सामानाची निवड हाच यशवंतरावांच्या संग्रहाचा गाभा होय. त्यातील काही प्रमुख वस्तू पुढीलप्रमाणे होत :

• महाराजांच्या कार्यालयासाठी एमिल-जाक रुलमान याने घडवलेले मकासर आबनुसाचे फर्निचर. रुलमान हा त्या काळी फ्रान्समधील सर्वश्रेष्ठ फर्निचरकार मानला जाई. १९३३ मध्ये त्याचे निधन झाले. त्यामुळे हे काम त्याच्या अखेरच्या काळातील ठरले.
• लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी महाराजा व महाराणींच्या शयनगृहांसाठी रचलेले धातू व काच यांचे पलंग.
• एलीन ग्रे हिची 'ट्रान्झॅट' नावाची आरामखुर्ची. जहाजाच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेल्या या खुर्चीचे मोजकेच नग तयार झाले होते.
• ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियां यांची पहुडण्याची लांब खुर्ची. माणिकबागेतील नगावर बिबट्याचे कातडे घातलेले होते.
• इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स याचे भौमितिक नक्षीचे गालिचे व जाँ पुईफोर्का याची चांदीची भांडी.
• स्वतः मुथेसियुस याने वाचनालयासाठी आखलेल्या, पाठीलाच दिवे जोडलेल्या लाल आरामखुर्च्या.

या यादीत एक सूत्र दिसते. यशवंतरावांनी तयार वस्तू दुकानातून उचलून कपाटात मांडल्या नाहीत. कोणत्या खोलीत कोणती वस्तू कोणत्या कामासाठी हवी, हे ठरवून त्यांनी ती घडवून घेतली. त्यामुळे राजवाडा व संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. मुथेसियुसने महाराजांसाठी रेल्वेचा खास डबाही आखला. लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधणी केलेली नारिंगी व काळ्या रंगाची ड्यूझेनबर्ग मोटार ही त्यांची आणखी एक प्रसिद्ध वस्तू होती. अशी रचना असलेली ती एकमेव मोटार होय.

चित्रे व छायाचित्रे

फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल याने यशवंतरावांची दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे काढली. पहिल्या चित्रात ते पाश्चात्त्य संध्यापोशाखात व लांब झग्यात उभे आहेत. दुसऱ्यात ते मराठा पोशाखात, डोक्यावर होळकरशाही पगडी घालून पांढऱ्या बैठकीवर बसले आहेत. एकच माणूस दोन जगांत सारख्याच सहजतेने वावरतो, हे या जोडचित्रांतून स्पष्ट होते. महाराणी संयोगितादेवींचीही चित्रे त्याने काढली. मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकाराने या दांपत्याची छायाचित्रे घेतली. त्यांत दरबारी थाट नाही. एकमेकांच्या सहवासात रमलेले तरुण पतिपत्नी त्यांत दिसतात.

ब्रांकुशीचे पक्षी व अपूर्ण ध्यानमंदिर

रोशेच्या मध्यस्थीने यशवंतराव रुमानियन शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी याच्या पॅरिसमधील कार्यशाळेत गेले. तेथे त्यांनी त्याचे 'अवकाशातील पक्षी' हे ब्राँझचे शिल्प विकत घेतले. नंतर त्याच कल्पनेची दोन संगमरवरी शिल्पे, एक काळ्या व एक पांढऱ्या दगडातील, त्यांनी करवून घेतली. या शिल्पांना चोच नाही, पंख नाहीत. वर झेपावणारी एक निमुळती रेषा एवढेच त्यांचे रूप आहे.

या तीन पक्ष्यांसाठी इंदूर येथे एक लहान ध्यानमंदिर बांधावे, अशी योजना ठरली. भुयारी वाटेने आत जावे, आत पाण्याचे एक कुंड असावे आणि एका वेळी एकाच व्यक्तीने तेथे शांत बसावे, अशी त्यामागील कल्पना होती. मात्र जुलै १९३७ मध्ये महाराणी संयोगितादेवी यांचे स्वित्झर्लंडमध्ये अकाली निधन झाले. त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. त्यानंतर काही महिन्यांनी, १९३७–३८ च्या हिवाळ्यात, ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला. परंतु महाराजांची मनःस्थिती व प्रकृती या कामास अनुकूल नव्हती. मंदिराचा एक दगडही न बसता ब्रांकुशी परत गेला आणि योजना कायमची मागे पडली.

रत्नालंकार

इंदूरच्या जामदारखान्यातील 'इंदूर पेअर्स' ही नासपतीच्या आकाराच्या दोन हिऱ्यांची जोडी जगप्रसिद्ध आहे. प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेट वजनाचे हे हिरे तुकोजीरावांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमे या पेढीकडून घेतले होते. १९३३ मध्ये यशवंतरावांनी मोबुसँ या पेढीस राजजवाहिरे म्हणून नेमले आणि घराण्यातील जुनी रत्ने नव्या घडणीत बसवून घेतली. मराठा पोशाखातील व्यक्तिचित्रात त्यांच्या गळ्यात ही जोडी दिसते. १९४६ मध्ये हे हिरे न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले.

राज्यकारभार

कलासंग्राहक ही यशवंतरावांची ओळख मोठी असली, तरी ते एका मोठ्या संस्थानाचे प्रमुखही होते. त्यांच्या वडिलांनी नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांच्याकडून १९१८ साली इंदूर शहराचा विस्तृत आराखडा करवून घेतला होता. यशवंतरावांच्या काळात गंभीर नदीवर धरण बांधून यशवंतसागर जलाशय निर्माण करण्यात आला. इंदूर शहराच्या पाणीपुरवठ्यात या जलाशयाचा मोठा वाटा राहिला. इंदूर येथील महाराजा यशवंतराव रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून हिंदुस्थान व ब्रिटन यांच्यातील प्रश्न सोडवण्यासाठी मध्यस्थीचे आवाहन केले. ब्रिटिशांचे मांडलिकत्व पत्करलेल्या संस्थानिकाने असे जाहीर पत्र लिहिणे ही असाधारण गोष्ट होती. दुसरीकडे, परदेशातील त्यांच्या दीर्घ वास्तव्यामुळे राज्यकारभार मुख्यतः मंत्र्यांवर अवलंबून राहिला.

होळकर क्रिकेट संघ

इंदूरच्या क्रिकेटचा पाया तुकोजीरावांनी घातला होता. कर्नल सी. के. नायडू यांना त्यांनीच इंदूरच्या सेवेत आणले. यशवंतरावांच्या आश्रयाखाली होळकर संघाने १९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१ व १९५२–५३ अशी चार वेळा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. मुश्ताक अली हे या संघाचे आणखी एक तेजस्वी फलंदाज. १९४४–४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाचा मुंबईकडून पराभव झाला, तरी संघाकडून खेळणाऱ्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टन यांची नाबाद २४९ धावांची खेळी संस्मरणीय ठरली.

कौटुंबिक जीवन

संयोगितादेवींपासून यशवंतरावांना १९३३ मध्ये पॅरिस येथे उषादेवी ही कन्या झाली. महाराणींच्या निधनानंतर त्यांनी मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. तो १९४३ मध्ये संपुष्टात आला. त्याच वर्षी युफेमिया क्रेन यांच्याशी त्यांचा तिसरा विवाह झाला. १९४४ मध्ये त्यांना शिवाजीराव (रिचर्ड) हा पुत्र झाला. मुलाची आई परदेशी असल्याने वारसाचा प्रश्न निर्माण झाला. अखेर उषादेवींना वारस म्हणून मान्यता मिळाली. होळकर घराण्यात अहिल्याबाईंनंतर पुन्हा एका स्त्रीच्या हाती घराण्याचे प्रमुखपद आले.

संस्थानाचे विलीनीकरण व अखेरचा काळ

१९४७ मध्ये संस्थानांच्या सामिलीकरणाचा प्रश्न पुढे आला तेव्हा यशवंतराव आरंभी राजी नव्हते. भोपाळच्या नवाबांशी त्यांचे विचारविनिमय चालू होते. अखेर त्यांनी सामीलनाम्यावर सही केली. २८ मे १९४८ रोजी इंदूर, ग्वाल्हेर व माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत संघ अस्तित्वात आला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. शिंदे व होळकर या एके काळच्या प्रतिस्पर्धी घराण्यांचे वंशज अशा प्रकारे एकाच राज्याच्या प्रमुखपदी एकत्र आले. त्यांना वार्षिक १५ लक्ष रुपये तनखा मंजूर झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची स्थापना होताच हे पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबई येथे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी यशवंतरावांचे निधन झाले.

संग्रहाचे विखुरणे

१९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने रद्द झाले. मोठे वाडे व त्यांतील संग्रह सांभाळणे बहुतेक माजी राजघराण्यांना अवघड झाले. ब्रांकुशीचे दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने खरेदी केले. ते आज कॅनबेरा येथे आहेत. ब्राँझचा पक्षी अमेरिकेतील पासाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. मे १९८० मध्ये मोनॅको येथे सदबीज या लिलावसंस्थेने माणिकबागेतील फर्निचरचा लिलाव केला. जगभरच्या संग्राहकांनी व संग्रहालयांनी त्यातील वस्तू घेतल्या. इंदूरसाठी घडवलेली वस्तू, ही नोंदच पुढे अशा नगांची किंमत वाढवणारी ठरली. माणिकबागेची इमारत केंद्र सरकारकडे गेली आणि तेथे उत्पादन शुल्क खात्याची कार्यालये आली.

२०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरवले. विखुरलेल्या अनेक वस्तू त्यानिमित्ताने पुन्हा एका छताखाली आल्या.

मूल्यमापन

यशवंतरावांच्या संग्रहाविषयी दोन प्रकारची मते मांडली जातात. प्रजेच्या करातून चालणाऱ्या संस्थानाचा पैसा परदेशी वस्तूंवर खर्च झाला, हा आक्षेप पहिल्या मताच्या मुळाशी आहे. स्थानिक कारागिरांना या मागण्यांतून फारसे काम मिळाले नाही, हेही खरे. दुसऱ्या मतानुसार, नव्या कलेला तिच्या उमेदवारीच्या काळात मिळालेला हा आश्रय अत्यंत मोलाचा होता आणि त्यातील अनेक वस्तू आज जागतिक कलेचा मानदंड मानल्या जातात.

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींशी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. भवानरावांचे संस्थान इंदूरच्या मानाने फारच लहान होते. तरी त्यांनी आपला संग्रह १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधून लोकांसाठी खुला केला. तो आजही औंधलाच आहे. यशवंतरावांचा संग्रह मात्र खासगी निवासातच राहिला. त्याला सार्वजनिक संस्थेचे रूप मिळाले नाही, म्हणून मालकामागे तो टिकला नाही. कागलची कन्या आणि इंदूरचा राजा यांनी मिळून उभे केलेले हे घर पाहण्यासाठी आज मराठी वाचकास कॅनबेरा, पासाडेना व पॅरिस येथील दालनांत जावे लागते.